घराण्यातून उतरणारा कर्करोग: संशोधक होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

मिरा रोड किंवा भाईंदर स्टेशनाबाहेर पडलं की नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या क्लासची पाटी दिसायला फार चालावं लागत नाही. त्या क्लासमध्ये बसणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे स्वतःचा दवाखाना असतो, मोठं हॉस्पिटल असतं, कधी परदेश असतो. एकाच प्रश्नामागे आयुष्यभर लागलेला, सकाळी रुग्ण तपासणारा आणि दुपारी प्रयोगशाळेत बसणारा डॉक्टर त्यात सहसा नसतो. त्यातल्या एखादीने घरी सांगितलं की मला पुढे संशोधन करायचं आहे, तर पहिला प्रश्न येतो तो हाच: एवढं शिकून डॉक्टर झालीस, आता परत पीएचडी कशाला?

प्रश्न चुकीचा नाही, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ते देण्यासाठी मी एकच क्षेत्र निवडलं आहे: पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या घराण्यात उतरत राहणाऱ्या कर्करोगाचं संशोधन. डॉक्टर आणि संशोधक एकाच माणसात असावे लागतात, नाहीतर काम अडतं, असं जे थोडं आहे त्यात हे क्षेत्र वरचं. शिवाय ते आपल्यापासून लोकलच्या अंतरावर चालतं.

आधी विषय समजून घेऊ. प्रत्येक कर्करोगात पेशींमधली जनुकं बिघडलेली असतात, पण बहुतेक वेळा तो बिघाड आयुष्यात नंतर झालेला असतो, जन्मजात नसतो. स्तनाच्या कर्करोगात साधारण पाच ते दहा टक्के रुग्णांमध्ये मात्र दोष आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. ‘ब्रॅका-१’ आणि ‘ब्रॅका-२’ ही त्यातली सगळ्यांत माहितीची जनुकं. ब्रॅका-१ मध्ये दोष असलेल्या बाईला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका ७० टक्क्यांच्या आसपास जातो, बीजांडकोशाच्या कर्करोगाचा ४० टक्क्यांच्या वर. दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते, मग मुलगा असो की मुलगी. म्हणून आत्याला झालेला कर्करोग मावशीच्या कर्करोगाइतकाच महत्त्वाचा. काकू आणि मामी मात्र लग्नाने घरात आलेल्या असतात. त्यांचा आजार तुमच्या हिशेबात धरायचा नाही, त्यांच्या मुलांच्या हिशेबात धरायचा. एवढी साधी गोष्ट आपल्याकडे अनेक सुशिक्षित घरांनाही माहीत नसते. ‘बाबांच्या बाजूला आहे, आपल्याला काय’ हे वाक्य मी फार घरांत ऐकलं आहे.

आता या कामाचा स्वभाव सांगणारी गोष्ट. हे क्षेत्र निवडायचं की नाही, ते ती वाचूनच ठरवावं असं मला वाटतं.

१८९५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात अल्ड्रेड वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या ओळखीची एक शिवणकाम करणारी बाई त्यांना म्हणाली की माझ्या घरात सगळे कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. वॉर्थिन यांनी तिची समजूत घालून विषय संपवला नाही. तिच्या नातलगांची यादी करायला घेतली आणि १९१३ मध्ये ते कुटुंब शोधनिबंधातून जगापुढे ठेवलं. ती बाई खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. नंतर वॉर्थिन यांच्या सहकाऱ्यांनी त्याच कुटुंबाची नोंद पुढे चालवली. १९६० च्या दशकात हेन्री लिंच या तरुण डॉक्टरला नेब्रास्कात असाच एक रुग्ण भेटला. तोही म्हणाला, आमच्याकडे सगळे आतड्याच्या कर्करोगाने मरतात. लिंच यांनी घराण्यांच्या वंशावळी जमवायला सुरुवात केली. त्या काळी कर्करोग म्हणजे परिसराचा, विषाणूंचा परिणाम असं मानण्याकडे कल होता आणि अनुदानासाठीचे त्यांचे अर्ज वर्षानुवर्षं नाकारले गेले. वॉर्थिन यांचं ते जुनं कुटुंबही लिंच यांनी पुन्हा हाती घेतलं. १९९३-९४ मध्ये या आजाराची जनुकं सापडली आणि २००० साली त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घराण्यातला नेमका दोष एमएसएच-२ या जनुकात असल्याचं सिद्ध झालं. बाईने सांगितल्यापासून १०५ वर्षांनी. आज या आजाराला ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात आणि तो असलेल्या माणसांची ठरावीक काळाने दुर्बीण घालून तपासणी केली तर आतड्याचा कर्करोग बऱ्याचदा होण्याआधीच रोखता येतो.

वॉर्थिन यांना उत्तर पाहायला मिळालं नाही. पण त्यांनी ऐकून घेतलं नसतं, लिहून ठेवलं नसतं, तर लिंच यांच्या हातात काही उरलं नसतं. ज्याला पाच वर्षांत यश हवं आहे, त्याने या वाटेला येऊ नये, हे मी मोकळेपणाने सांगते. ज्याला आपल्या नोंदी पुढच्या माणसाच्या उपयोगी पडतील या विचाराने बरं वाटतं, त्याने जरूर यावं.

यातलं सगळंच महागड्या यंत्रांवर होतं असंही नाही. लहान मुलांच्या डोळ्यांत होणारा रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग काही मुलांना एकाच डोळ्यात, तर काहींना दोन्ही डोळ्यांत का होतो, याचं उत्तर आल्फ्रेड नडसन या बालरोगतज्ज्ञाने १९७१ मध्ये दिलं, तेही ४८ मुलांच्या रुग्णालयीन नोंदींचा गणिती अभ्यास करून. दोन जनुकीय बिघाड झाल्याशिवाय हा कर्करोग होत नाही, आणि काही मुलं त्यातला एक बिघाड घेऊनच जन्माला येतात, हा त्यांचा निष्कर्ष. त्यामागचं जनुक प्रत्यक्ष हाती लागायला आणखी पंधरा वर्षं गेली. म्हणून अकरावी-बारावीतल्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: नीटला गणित लागत नाही म्हणून गणित सोडून देऊ नका. पुढे संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग येणारा डॉक्टर या क्षेत्रात फार पुढे जातो.

आता आपल्याकडची परंपरा, कारण हे सगळं अमेरिकेतच होतं असा समज करून घेऊ नये. डॉ. वसंत रामजी खानोलकर लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि केईएमच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवलं, टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळा सांभाळल्या आणि १९५२ मध्ये परळला सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. वेगवेगळ्या जातीजमातींत कर्करोगाचं प्रमाण आणि प्रकार वेगळे का, हा प्रश्न त्यांनी गांभीर्याने घेतला. रुग्ण, प्रयोगशाळा आणि विद्यापीठ या तिन्ही ठिकाणी एकच माणूस कसा उभा राहतो, ते त्यांच्याकडे पाहून कळतं.

त्यांच्या हाताखाली घडल्या डॉ. कमल रणदिवे. जन्म १९१७, पुणे. हुजूरपागेच्या विद्यार्थिनी, वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं अशी वडिलांची इच्छा. तिने दोन्ही केलं नाही. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली, बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या वेगवेगळ्या वंशांवर काम करताना आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा स्तनाच्या कर्करोगाशी काय संबंध आहे हे त्या शोधत होत्या. ब्रॅका जनुकं सापडायच्या कितीतरी आधीचा हा काळ. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ज्या पालकांना वाटतं की मेडिकलला नंबर लागला नाही म्हणजे सगळं संपलं, त्यांनी रणदिवे यांचं चरित्र मुलांच्या हातात द्यावं.

१९६६ मध्ये टाटा रुग्णालय आणि परळचं ते कर्करोग संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र झालं. ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे, आणि २००५ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचा, म्हणजे एका अभिमत विद्यापीठाचा, भाग आहे. त्यामुळे एम.डी., डी.एम., एम.सीएच. आणि पीएचडी या पदव्या तिथे एकाच छताखाली मिळतात. संशोधनाचा मोठा भाग ॲक्ट्रेक या टाटाच्याच खारघरमधल्या संस्थेत चालतो. डॉ. राजीव सरीन हे मूळचे किरणोपचारतज्ज्ञ; ॲक्ट्रेकचे ते संचालक होते आणि टाटाचं कर्करोग आनुवंशिकी क्लिनिक व त्याला जोडलेली प्रयोगशाळा यांचं नेतृत्व त्यांनी केलं. कर्करोगाचा रुग्ण क्लिनिकमध्ये येतो, त्याची वंशावळ काढली जाते, रक्त तपासलं जातं, दोष सापडला तर बहीण-भावांना बोलावलं जातं. आणि त्याच नोंदींतून संशोधनाचे प्रश्न उभे राहतात. पुण्यात डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर या स्तनशल्यचिकित्सकांनी आयसर पुणे या संस्थेबरोबर संशोधन केंद्र उभं केलं, तोही याच जातीचा प्रयत्न.

इथपर्यंत कसं पोचायचं, ते आता.

नीट, मग एमबीबीएसची साडेपाच वर्षं, इंटर्नशिप धरून. आपल्या भागातल्या मुलांना कळव्याचं राजीव गांधी, जुहूचं कूपर किंवा परळचं केईएम मिळालं तर घरून जाऊन-येऊन शिकता येतं. केईएमचा एक जास्तीचा फायदा असा की टाटा तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. पण कॉलेज कोणतंही असो, दुसऱ्या वर्षापासून एका गोष्टीवर नजर ठेवा: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना अल्पमुदतीची संशोधन शिष्यवृत्ती देते. १९७९ पासून ती चालू आहे. आपल्याच कॉलेजातला मार्गदर्शक शोधायचा, छोटा प्रस्ताव लिहायचा, मंजूर झाला तर दोन महिने काम करून अहवाल द्यायचा. पैसे थोडेच मिळतात. पण प्रस्ताव कसा लिहायचा, नैतिक समितीची मान्यता कशी घ्यायची, आकडे गोळा करताना काय चुकतं, हे विसाव्या वर्षी कळतं आणि ते आयुष्यभर पुरतं. मार्गदर्शक मिळत नाही अशी तक्रार मुलं करतात. विकृतिशास्त्र आणि सामाजिक वैद्यक या विभागांत जा. तिथे विद्यार्थ्याला वेळ देणारे शिक्षक भेटण्याची शक्यता जास्त असते.

पदव्युत्तर शिक्षणाला कोणती शाखा घ्यावी यावर मुलं फार डोकं शिणवतात. वॉर्थिन विकृतिशास्त्रज्ञ होते, नडसन बालरोगतज्ज्ञ, सरीन किरणोपचारतज्ज्ञ, कोप्पीकर शल्यचिकित्सक. स्त्रीरोग, नेत्ररोग, मेडिकल ऑन्कोलॉजी, कुठूनही इथे येता येतं. ज्या रुग्णांमध्ये तुमचं मन रमतं ती शाखा घ्या. थेट आनुवंशिकीच हवी असेल तर लखनौच्या संजय गांधी संस्थेसारख्या ठिकाणी वैद्यकीय आनुवंशिकीचं डी.एम. आहे. पीएचडी एमबीबीएसनंतर करायची की एम.डी.नंतर? काही संस्था एमबीबीएसनंतरही घेतात, पण या क्षेत्रात आधी एम.डी. किंवा एम.एस. करावं असं मी सुचवेन, कारण रुग्णाची जबाबदारी स्वतः घेतलेल्या माणसाला प्रश्न वेगळे सुचतात. नंतर ‘इंडिया अलायन्स’सारख्या फेलोशिप आहेत, त्यात डॉक्टरांसाठी वेगळी दालनं आहेत आणि संशोधनासाठी राखीव वेळ मिळतो. नोकरी स्वीकारताना पगाराआधी एकच विचारा: आठवड्यातले किती दिवस संशोधनाला मिळतील, आणि ते लेखी मिळेल का?

नीटने हुलकावणी दिली तर बी.एस्सी., एम.एस्सी. आणि नेटमधून ॲक्ट्रेकसारख्या संस्थेत पीएचडी हा रणदिवे यांचा रस्ता आजही उघडा आहे. जनुकीय समुपदेशक हाही एक व्यवसाय आहे, आणि त्यांची आपल्याकडे फार गरज आहे.

आता आपल्या शहराकडे येते, कारण मिरा-भाईंदरमध्ये वाढणं ही या कामात मोठी जमेची बाजू आहे. इथे उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे, मोर्वा या भागांत कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन घरं आहेत. भाईंदरला मारवाडी आणि गुजराती जैन, मिरा रोडला मुस्लिम वस्ती, शिवाय कोकणातून आणि उत्तर भारतातून आलेली कुटुंबं. यातल्या बहुतेक समाजांत लग्नं शतकानुशतकं आतल्या आत होत आली. अशा समाजात एखाद्या जुन्या पूर्वजाकडचा जनुकीय दोष अनेक घरांत साठून राहू शकतो. अश्केनाझी ज्यू समाजात ब्रॅकाचे तीन ठरावीक दोष असेच आढळतात, आणि तिथे फक्त तेच तपासून स्वस्तात खूप माणसं वाचवता येतात. आपल्या समाजांत असे कोणते दोष आहेत, हे शोधण्याचं मोठं काम शिल्लक आहे. भारतीय रुग्णाच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा अनेकदा येतो, याचं एक कारण म्हणजे तुलनेसाठी जमवलेली माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून ही उणीव भरायला सुरुवात केली आहे. पण निरोगी माणसांच्या जीनोमला जोड लागते ती कर्करोग असलेल्या घराण्यांच्या नोंदींची.

त्या नोंदी कुठे मिळतील? अमेरिकेत युटा राज्यात मॉर्मन पंथाने पिढ्यांच्या वंशावळी जपल्या होत्या, आणि १९९४ मध्ये ब्रॅका-१ नेमकं हाती लागलं ते तिथल्या संशोधकांना. उत्तन-डोंगरीच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या वह्या असतात. राजस्थान-गुजरातकडच्या अनेक घराण्यांच्या वंशावळी वहीवंचांकडे आहेत. ज्या मुलीला उत्तनच्या आजीशी तिच्या बोलीत, भाईंदरच्या काकांशी गुजरातीत आणि मिरा रोडच्या खालांशी हिंदीत बोलता येतं, तिच्यापुढे ही घरं उघडतील. बाहेरून आलेल्या संशोधकापुढे ती इतक्या सहज उघडणार नाहीत.

उघडतील तेव्हा जबाबदारीही येते. आपल्याकडे कर्करोग लपवला जातो, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असेल तर. ‘पोटात गाठ होती’, ‘आजारी होत्या’ यापुढे कोणी बोलत नाही. ज्याच्या रक्तात दोष सापडला त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या सख्ख्या बहिणीलाही सांगता येत नाही. बहिणीचा जीव वाचणार असला तरी आधी भावाचं मन वळवावं लागतं. मोठेपणीच होणाऱ्या कर्करोगासाठी अठरा वर्षांखालच्या मुलांची तपासणी करायची नसते. रेटिनोब्लास्टोमासारख्या बालवयातल्या आजारात मात्र ती जन्मल्याबरोबर करावी लागते. हे सगळं क्लिनिकमध्ये बसून, रडणाऱ्या माणसासमोर गप्प राहायला शिकूनच येतं. केवळ प्रयोगशाळेत वाढलेला संशोधक इथे कमी पडतो, आणि केवळ दवाखान्यात वाढलेला डॉक्टर अहवाल वाचताना कमी पडतो. पालकांच्या ‘पीएचडी कशाला’ या प्रश्नाला माझं हेच उत्तर आहे.

पालकांनी पैशांचाही हिशेब मांडावा. बारावीनंतर एमबीबीएस, एम.डी. आणि पीएचडी मिळून बारा-तेरा वर्षं होतात. सरकारी कॉलेजात शिकलं तर बंधपत्राचा काळ वेगळा. तिशी ओलांडेपर्यंत स्थिर पगार नसतो, आणि खासगी व्यवसायातले वर्गमित्र तोवर घर घेऊन मोकळे झालेले असतात. निवासी डॉक्टरला आणि पीएचडीच्या विद्यार्थ्याला दरमहा पैसे मिळतात, त्यामुळे घरावर सगळा भार पडत नाही. पण घरातलं कोणी ‘अजून किती शिकणार’ असं रोज विचारू लागलं तर मूल खचतं. परवानगी द्यायची असेल तर पूर्ण द्यावी.

एकदा प्रत्यक्ष पाहून या. परळसाठी दादरला उतरून स्लो लोकलने प्रभादेवी, पादचारी पुलावरून परळ बाजूला, आणि तिथून चालत टाटा. खारघरसाठी घोडबंदर रोडने बसने ठाणे, मग ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल. संस्थांचे विज्ञानदिनाच्या सुमाराचे कार्यक्रम, व्याख्यानं कधी असतात ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहून जा.

आणि त्याआधी घरातलं एक काम करा, डॉक्टर व्हायचं असो वा नसो. मोठा कागद घ्या. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, कर्करोग झालेल्यांची आकृती भरीव, गेलेल्यांवर तिरपी रेघ. आजीला, आत्याला, मामाला विचारून तीन पिढ्या लिहा: कोणाला कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी. वय सगळ्यांत महत्त्वाचं. पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा आतड्याचा कर्करोग झालेला कोणी असेल, एकाच बाजूच्या दोघातिघांना झालेला असेल, पुरुषाला स्तनाचा किंवा कोणा बाईला बीजांडकोशाचा झाला असेल, तर तो कागद घेऊन कर्करोग आनुवंशिकीच्या क्लिनिकमध्ये जा. आजी आहे तोवर हे विचारून घ्या.